पाच जागा

दा खुरेच्या गाडीबाजारात, तिसऱ्या रांगेच्या टोकाला
माझा कंटेनर. आत एक हीटर, एक म्हातारा कुत्रा
आणि जपानी न येणारा मी.

जपानी येत नाही, पण 'काढून टाका' ओळखतो.
दोन अक्षरं. पहिल्याच्या उजव्या कडेला दोन उभ्या रेघा,
फळीवर सुरी उभी टेकवावी तशा.
एवढ्या अक्षरओळखीवर आठ वर्षं पोट भरतंय.

त्सेन्दसुरेन आल्या तेव्हा बाहेर उणे एकतीस.
प्रियस चालूच ठेवलेली; बंद केली की रुसते.
"नवा फोन घेतलाय. गाडी त्याला घेत नाही."
कशी घेईल? तिच्या डोक्यात पाचच जागा
आणि पाचही भरलेल्या.
"एक नाव कापावं लागेल," मी म्हटलं. "कुणाचं?"

पहिलं नाव जपानी. चार अक्षरं,
त्यातलं एक धुराडं लावलेल्या गेरसारखं.
बाई की बाप्या, कोण जाणे.
बोटीतून उतरून इतके हिवाळे झाले, तरी गाडी
रोज सकाळी आधी त्याच फोनला शोधते
आणि मग आमच्या माणसांकडे वळते.
"असू दे ते. सीटखाली पेनाचं टोपण सापडलं होतं,
माशाच्या आकाराचं.
तेसुद्धा अजून ठेवलंय मी."

दुसरं दोर्जपलामचं.
मी बोट सुरीवर नेलं. हा दार्खानला दुसरीकडे राहतो,
हे सगळ्या बाजाराला ठाऊक.
"थांब." त्यांनी हातमोजा काढला, परत घातला.
"राहू दे. रोज शोधू दे तिला.
रोज सापडणार नाही.
मी एकटीनेच का?"

तिसरं मुलाचं, मुन्खजर्गल,
अन्सानच्या कारखान्यात दारांना बिजागऱ्या बसवतो.
ते मी विचारलंही नाही.

चौथा दीर. एकदाच गाडी नेली, एर्देनेतपर्यंत,
आणि मागच्या सीटवर तीन मेंढ्यांचा वास परत आणला.
"हा तर नक्की," मी म्हटलं.
"हा तर मुळीच नाही. पुन्हा मागायला येईल,
नाव दिसलं नाही तर वर्षभर बोलायचा नाही."
थोड्या वेळाने: "तसं बरंच होईल म्हणा."
पण मान हलवली नाही.

मग उरलं पाचवं. त्यांचंच.
जुना फोन, नारानतूलच्या गर्दीत
लोणी घेताना खिशातून गेलेला.
पडद्यावर स्वतःचं नाव बघत त्या जरा बसल्या,
गटफोटोत आपण कुठे उभ्या आहोत ते शोधावं तशा.
"काप," म्हणाल्या.
"नक्की का?" गाडीने विचारलं, तिच्या भाषेत.
मी 'हो' दाबलं. तेही मी आकारावरूनच ओळखतो.

नवा फोन जोडला. त्याच नावाने, तळाशी.
दहा हजार तुगरिक झाले; त्यांनी बारा दिले
आणि कुत्र्याला वाळकं दही.

एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.
विसरायचं काम इथे फक्त गाडी करते.
तो चोरलेला फोन या शहरात कुणाच्या तरी खिशात आहे,
आणि त्याच्या यादीत ही प्रियस तशीच आहे.
संध्याकाळी एन्खताइवानच्या रस्त्यावर गाड्या तुंबतात,
शेजारच्या रांगेत तो उभा असेल,
विचारेल, मी आहे, ओळखलं का?
गाडी मख्ख पुढे बघेल.

माझ्याच फोनमध्ये दोनशे सहा गाड्या आहेत.
तपासायला जोडल्या, विकल्या गेल्या,
गोबीत गेल्या, दरीत गेल्या, भंगारात गेल्या.
काल रात्री पुसायला बसलो.
दोन पुसल्या. मग तिसरी कुठली होती ते आठवेना,
आणि आठवेपर्यंत
हीटर विझला होता.